जेवण झाल्यावरचं बसणं

पिलार,

तू गेल्याची बातमी मी आईला सांगितली तेव्हा ती भाकरी थापत होती. थापता थापताच तिने ऐकलं, भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि परातीत पुढचा गोळा घेतला. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगायला तोंड उघडलं तर म्हणाली, "आयकलं मी. सगळ्यांना हाटेलं सांगत फिरली, आन् जाताना बी माजं नाव घेतलं न्हाई तिनं." मग माझ्याकडे पाठ करून ती भाकऱ्याच करत राहिली. त्या संध्याकाळी खाणावळीत आलेल्या सगळ्यांना पुरून भाकऱ्या उरल्या. आईचा अंदाज चुकलेला मी पहिल्यांदा पाहिला.

तिचा राग खरा होता आणि तो न मिटवताच तू गेलीस. आई त्यावर कुणाशी बोलत नव्हती, आणि तुमच्या दोघींमधलं सगळं बोलणं माझ्याच तोंडून झालेलं, म्हणून मीच लिहायला बसलेय. बाकी तुझ्याबद्दल लिहिण्यासारखं जे आहे ते सगळं चांगलंच आहे. त्याने लिहिणं सोपं होईल असं वाटलं होतं, ते झालेलं नाही. तू आईच्या वयाची होतीस आणि तुला मी अगं-तुगं करते. आईलाही तसंच करते, तेव्हा तू वाईट वाटून घेऊ नकोस.

तू स्पेनच्या उत्तरेकडच्या एका पावसाळी गावातून मावळात उर्से गावाजवळच्या कारखान्यात मशिनी बसवायला आलीस. काम एका वर्षाचं होतं. लोणावळ्याला तुला घर दिलं, तिथलं धुकं बघून तू म्हणालीस की मी एवढ्या लांब आले कशाला, आणि पुढे परत जायचं नावच काढलं नाहीस. मी पुण्याला स्पॅनिश शिकून नुकती दुभाषी म्हणून लागले होते. कंपनीने तुझ्या दुपारच्या जेवणाची सोय हायवेवरच्या एका हॉटेलात केली होती. पांढरे टेबलक्लॉथ, रोज पनीर. थोडेच दिवस तू ते सोसलंस. एकदा माझ्या डब्यातलं वांगं बोटाने उचलून खाल्लंस आणि विचारलंस, हे कुठे मिळतं? मी म्हटलं, माझ्या आईकडे. तू माझं हेल्मेट उचलून माझ्या हातात दिलंस.

आमची खाणावळ म्हणजे घराची पुढची पडवी. वर पत्रा, खाली चार बाकं, पाटीवर फक्त 'घरगुती जेवण'. खाणावळीला नाव द्यावं असं कधी कुणाला वाटलं नाही. पाळी सुटली की कारखान्यांतली माणसं हेल्मेट हातात धरून दारात उभी राहतात. एक उठला की दुसरा बसतो. जेवायचं, हात धुवायचे, निघायचं. उष्टा हात वाळवत बसणं आमच्यात चांगलं समजत नाहीत, आणि लोक ताटकळत असताना तर नाहीच नाही.

तुला यातलं काही माहीत नव्हतं. तुमच्याकडे ताट लख्ख करणं म्हणजे घरच्या बाईचा मान. आमच्याकडे ताट रिकामं दिसलं की वाढायचं, नको असेल तर ताटावर हात आडवा धरायचा. तू संपवत गेलीस, आई वाढत गेली. दोघींनाही वाटलं की समोरची काही ऐकत नाही. शेवटी मी तुझा हात धरून ताटावर आडवा ठेवला तेव्हा ते थांबलं.

आणि मग तू उठेनास. आईने ताट उचललं, तू बसून. आईने ओलं फडकं घेऊन बाक पुसलं, मुद्दाम तुझ्या कोपराला लागेल असं. तू कोपर उचलून तिला जागा करून दिलीस आणि तुझ्या गावच्या जत्रेबद्दल मला सांगत राहिलीस. दारात माणसं चुळबुळ करत होती. आई म्हणाली, "शीतले, बाईला म्हनाव, उठा आता." दुभाष्याने जसंच्या तसं सांगायचं असतं. पण नोकरी नवी होती आणि समोर साहेबीण होती. मी तुला स्पॅनिशमध्ये म्हटलं, "आई विचारतेय, अजून काही हवं का?" तू खूश झालीस आणि कॉफी मागितलीस.

"काय म्हनती?"

"कॉफी दे म्हणतेय."

आईने माझ्याकडे असं काही पाहिलं की तुझ्याआधी मीच उठले.

परत जाताना स्कूटरवर मागे बसून तू मला एक शब्द शिकवलास, जो पुण्याच्या वर्गात कुणी शिकवला नव्हता. सोब्रेमेसा. जेवण आटोपल्यावर तिथेच बसून राहणं. बोलायचं, वाद घालायचा, रडायचं असेल तर तेही तिथेच उरकायचं. तू म्हणालीस की जेवण हे त्याचं निमित्त असतं. मी आमची बाजू लावून धरली. आमच्याकडे जेवणानंतर शतपावली आहे, वामकुक्षी आहे. तू विचारलंस, "चालायला शब्द आहे, झोपायला शब्द आहे. बसायला?" मी आठवून पाहिलं. मला सापडला नाही. तू विचारलंस, "मग तुमच्या बायका जेवण झाल्यावर काय करतात?" मी म्हटलं, भांडी.

तू गप्प बसलीस की पुढे काहीतरी उपद्व्याप होणार हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं.

तुझ्या या बसण्यावर तोड आईनेच काढली. "रैवारी या म्हनाव. कारखानं बंद आसत्यात. बाजूला जांभळीखाली बाकडी हायती, तितं बसा किती बसायचं त्ये." तू रविवारी आलीस ती दोघांना घेऊनच. एक ऊगो, अर्जेंटिनाचा, तळेगावच्या दुसऱ्या कारखान्यात होता. दुसरी लुपे, मेक्सिकोची, लोणावळ्याला योग शिकायला आली आणि शिकून झालं तरी परत न गेलेली. तिघांचे तीन देश आणि स्पॅनिश तीन तऱ्हेची. आईला ते सगळे सारखेच. तिच्या लेखी तुम्ही 'बाईची मानसं' होतात, आणि ती तुम्हा सगळ्यांची मावशी झाली.

दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी तू जेवायलाच सुरुवात करेनास. आमटी निवत चालली, इंद्रायणी भाताची वाफ गेली, आणि तू हाताची घडी घालून बसलीस. आई घाबरली. मीठ कमी पडलं का, केस निघाला का, तिने मला दोनदा विचारलं. तू म्हणालीस, "तिला सांग, ती बसल्याशिवाय मी खाणार नाही."

हे मी जसंच्या तसं सांगितलं.

आई हसायलाच लागली. "मी बसले तर वाढनार कोन?" तू उठलीस, स्वयंपाकघरात गेलीस आणि आमटीचं पातेलं, भाताचं पातेलं, भाकऱ्यांची टोपली सगळं आणून बाकड्यांच्या मधोमध ठेवलंस. आईच्या स्वयंपाकघरात पाहुण्याने पाऊल टाकलं हेच आधी तिला सोसवेना, त्यात भांडी उघड्यावर. "हे काय शेतावरचं जेवान हाय व्हय?" ती म्हणाली. पण भात खरंच गार होत होता आणि अन्न निवलेलं तिला बघवत नाही. ती टेकली. बाकड्याच्या टोकावर, अर्धी आत अर्धी बाहेर, कधीही उठता येईल अशी. दोन घास खाल्ले आणि चटणी आणायला उठली.

माझ्या आईला चार माणसांत बसून जेवताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, पिलार. मी तिची मुलगी, नोकरीला लागलेली, आणि तोवर आई नेमकी कधी जेवते हे मला सांगता आलं नसतं. सगळे उठून गेले की ओट्यापाशी उभ्याने काहीतरी खायची, असं माझं आपलं अर्धवट बघितलेलं. तू ते दर रविवारी थोडं थोडं बदलत गेलीस. टोकावरून ती बाकड्याच्या मधे आली. मग चटणीला मला पाठवायला लागली. एका रविवारी जांभळीच्या खोडाला पाठ टेकून तिने पाय लांब केले, आणि तू माझ्या मांडीला चिमटा काढलास, बघ म्हणून. तो वळ मी आठवडाभर कौतुकाने बघत होते.

आणि तुमची ती बोलणी. जेवून तुडुंब झाल्यावर तुम्ही कशावर बोलायचात, तर खाण्यावर. मावळात चांगलं कुठे मिळतं यावर तुमची एकमेकांत इतकी जुंपायची की वाटावं घरदार वाटून घेताय. ऊगोचा जीव तळेगावच्या एका मिसळीवर. लुपेला लोणावळ्याच्या बाजारातली पुरीभाजी. तुझा सगळा भर पवना धरणाच्या वाटेवरच्या एका ढाब्यावर, तिथल्या तळलेल्या मासळीसाठी तू भर पावसात माझ्या स्कूटरचं पंक्चर सोसलंस. चिक्कीला तू तुर्रोन म्हणायचीस आणि नाताळात तुमच्या गावी पाठवायचीस. लुपे म्हणायची, ही तर आमची पालांकेता, यात तुर्रोन कुठून आलं? पण सगळ्यात मोठं भांडण झालं ते भाकरीवरून. लुपे भाकरीला तोर्तिया म्हणाली, त्यांच्याकडे मक्याच्या भाकरीला म्हणतात तसं. तू ताडकन म्हणालीस की तोर्तिया म्हणजे अंडी आणि बटाटा, दुसरं काही असूच शकत नाही. ऊगो मधे पडला आणि दोघींची बोलणी खाऊन गप्प झाला. आईला एवढंच कळलं की तिच्या भाकरीवरून काहीतरी बिनसलंय. मी समजावून सांगितल्यावर तिने निकाल दिला, "भाकरीला भाकरी म्हना की. त्यात काय हाय?" तेव्हापासून तुम्ही तिघं स्पॅनिश बोलता बोलता मधेच स्वच्छ 'भाकरी' म्हणायला लागलात.

यात माझंही एक काम होऊन गेलं, ते मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. पुण्यात शिकताना 'न्हाई' आणि 'हितं' मी जिभेवरून खरवडून काढलं होतं. वर्गात कुणी हसायला नको म्हणून. तुम्ही तिघं आपापल्या देशाचं बोलायचात, एकमेकांची नक्कल करायचात, आणि आपलं मात्र कुणी बदलायचं नाही. तू सांगितलंस की तुमच्या घरची बोलीही वेगळी, शाळेत ती बोललं की बाई हातावर पट्टी मारायच्या, आणि आता म्हातारपणी तीच आधी तोंडात येते. त्यानंतर मी कारखान्यात आमच्या पोरांना मशीन समजावताना घरच्या बोलीत बोलायला लागले. तू लांबून बघत होतीस. शब्द कळत नव्हते तरी तुला फरक कळला होता, कारण त्या दिवशी तू मला चहा पाजलास.

आता त्या ग्रुपचं. स्पॅनिश बोलणारं कुणी नवीन या भागात आलं, मग कारखान्यात असो की बंगल्यात, की तू त्याला तुझ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घ्यायचीस. कुठे जेवावं, काय मागवावं, तिखट कमी कर हे मराठीत कसं म्हणावं, सगळं तू तिथे सांगायचीस. तुझ्या एका शब्दावर माणसं कामशेतला उसळ खायला जायची. आईला हे कळलं तेव्हा तिने सहज विचारलं, "माजं काय लिव्हलंय?" मी ग्रुप उघडला. ढाबा होता, मिसळ होती, लोणावळ्याच्या स्टेशनजवळचा वडा होता. आमची खाणावळ कुठेच नव्हती.

आईला ते फार लागलं. "दर रैवारी माज्याकडं जेवती आन् लोकांना दुसरीकडं धाडती. चांगलं नसंल तर तोंडावर सांगावं." दोन रविवार तिने तुला आवडते म्हणून वेगळी काढून ठेवलेली, पातेल्याच्या बुडाला लागलेली भाताची खरपुडी दिली नाही. मग मला म्हणाली, विचारच तिला. मी विचारलं. तू आईकडे पाहून हसलीस आणि म्हणालीस, "लुएगो." म्हणजे नंतर. नंतर सांगेन.

"तिचं नंतर मला म्हाईत हाय," आई म्हणाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तुझ्या तपासण्या सुरू झाल्या. ऑपरेशन गावी करते म्हणालीस, बहीण आहे तिथे. निघताना आईने तुला शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, पण गाल फुगवूनच. तू तिचा गाल दाबलास. दिवाळीनंतर येते म्हणालीस. दवाखान्यातून तुझा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी फोन आईसमोर धरला. तू तिला विचारलंस, मराठीत, "बसली का?" मी शिकवलेलं नव्हतं ते, कुठून उचललंस कोण जाणे. आई उभी होती. तिने खोटंच सांगितलं, "व्हय, बसली."

या रविवारी ऊगो आणि लुपे आले. येतील की नाही याची मला खात्री नव्हती. एकटं एकटं येऊन फाटकापाशी थांबले, जणू आधी कुणी आत जायचं ते ठरेना. आईने त्यांना बोलावलं नाही की या म्हटलं नाही. ती आत गेली, आमटीचं पातेलं आणलं, भाताचं आणलं, टोपली आणली, सगळं मधोमध ठेवलं आणि सगळ्यांच्या आधी स्वतः बसली. मग ते दोघे आले. तुझी जागा कुणी ठेवली नाही आणि कुणी तिथे बसलंही नाही. खरपुडी आईने तिघांना वाटून दिली.

जेवण झालं. कुणी उठलं नाही. शेवटी ऊगोने फोन काढला. तो मला म्हणाला, "तुझ्या आईची खाणावळ आता ग्रुपवर टाकतो. पिलारने कधी टाकली नाही, ते बरोबर झालं नाही. तिच्या आठवणीसाठी तरी टाकू या. नाव काय लिहू?" लुपेने मान हलवली.

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. आईला जे हवं होतं ते अखेर मिळत होतं. मी तिला सांगितलं की तुझं नाव टाकतायत, आता सगळ्यांना कळेल, खाणावळीला नाव काय देऊ या सांग. आईने जरा विचार केला. ती जांभळीला टेकून बसली होती, पाय लांब करून. तिने पडवीकडे पाहिलं, तिथली चार बाकं पाहिली.

"नको टाकू म्हनाव."

"का गं? तूच तर रुसली होतीस."

"रुसले व्हते. पन लोकं लय येतील. रैवार बी ऱ्हायचा न्हाई. मग मी बसायची कवा?"

मी हे जसंच्या तसं स्पॅनिशमध्ये सांगितलं. ऊगोने फोन मांडीवर पालथा ठेवला. त्याने डोळे पुसले, मग म्हणाला की मागे एकदा त्यानेही तुला विचारलं होतं, मावशीचं नाव का टाकत नाहीस. तू म्हणाली होतीस, "टाकलं तर ती पुन्हा उभी राहील. मी तिला मोठ्या कष्टाने बसवलंय." आणि त्याच्याकडून वचन घेतलं होतंस की हे मावशीला सांगायचं नाही. त्याला तेव्हा ती तुझी थट्टाच वाटली होती.

मी ते आईला सांगितलं.

"मग मला का न्हाई बोलली?" ती म्हणाली. कुणी उत्तर द्यायच्या आत तिनेच दिलं. "बोलली आसती तर मी आयकलंच नसतं. म्हनले आसते, येऊ दे गिऱ्हाईक, मला काय धाड भरली." मग पदराने तोंड पुसत ती म्हणाली, "लय हट्टी बाई."

तर पिलार, तुमचं भांडण मिटलं. तुला ते मिटवायला यायला जमलं नाही, म्हणून तिने तुझ्या वाटचंही मिटवलं. मी तुझे आभार मानायला बसले होते, पण आभार या शब्दात माझ्या आईचे लांब केलेले पाय मावत नाहीत. तू नसतीस तर ती अजून ओट्यापाशी उभी असती, आणि मला ते दिसलंही नसतं. एवढंच सांगायचं होतं.

नंतर लुपेने चिक्कीचा पुडा काढला. तुर्रोन की पालांकेता यावर आज कोण भांडणार म्हणून ती रडायला लागली, तर ऊगो म्हणाला की आज तुर्रोन म्हणू या. लुपेला ते पटलं नाही. वाद सुरू झाला. आई मधे मधे मला विचारत होती, आता काय म्हनत्यात, आणि मी सांगत होते.

तेवढ्यात फाटकाशी एक मोटारसायकल थांबली. हेल्मेट काढत त्या माणसाने आत डोकावून विचारलं, "मावशी, जेवान हाय का?"

आईचा हात सवयीने बाकड्यावर गेला, उठायला. मी बघत होते. हात तिथेच टेकून राहिला आणि ती तशीच बसली.

"हाय," ती म्हणाली. "पन जरा थांबा. आमी बसलोय."